‘पालकांनो सावधान’ लिहिणाऱ्याने आधी कलम २२ वाचावे

गेले काही दिवस एक मेसेज पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. मथळा ‘पालकांनो सावधान’, खाली नाव कुणाचेच नाही, नुसते ‘एका अनुभवी शिक्षकाकडून’. सांगणे असे: फॅशन डिझाइनची पदवी म्हणजे शिवणकाम, ते गावच्या क्लासात सहा महिन्यांत येते. या पदवीला सरकारदरबारी किंमत नाही, स्पर्धा परीक्षेला बसता येत नाही. आपला गोव्याचा फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स कुठे फॅशन शिकला होता, तो तर हॉटेल मॅनेजमेंटवाला. मुलगे या लायनीत गेले की बिघडतात. आणि एवढे करून लाखो रुपये पाण्यात.

आमच्या भावोजींना तो देवस्थानच्या ग्रुपवर आला. भाची बारावीला आहे, निफ्टचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) फॉर्म अर्धा भरून झाला होता, तो भावोजींनी तिथेच थांबवला. मला तिचा एका ओळीचा मेसेज आला, ‘मावशे, हे खरं?’ खरे काय आणि खोटे काय, ते इथेच लिहिते, म्हणजे ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज गेलाय तिथे हेही पाठवता येईल. माझे कुंडईला हॉटेलांचे युनिफॉर्म शिवायचे युनिट आहे, त्यामुळे कापडातले थोडेबहुत कळते.

आधी सरकारी किमतीचे, कारण भावोजी अडले ते तिथेच. या देशात पदवी कोण देऊ शकतो हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात कलम २२ मध्ये लिहून ठेवलेले आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कुणी नाही. आता निफ्ट बघा. १९८६ साली वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली दिल्लीत सुरू झाली. बरीच वर्षे तिथे पदविका मिळत असे, पदवी नव्हे. मेसेजवाल्या गुरुजींचे घड्याळ बहुधा त्याच काळात बंद पडले असावे. २००६ मध्ये संसदेने निफ्टसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पदवी देण्याचा अधिकार दिला. म्हणजे तिथली चार वर्षांची बी.डेस. (बॅचलर ऑफ डिझाइन) ही कलम २२ मध्ये नीट बसणारी पदवी आहे, आपल्या गोवा विद्यापीठाच्या बी.ए., बी.कॉम.सारखीच.

स्पर्धा परीक्षेचेही तेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची किंवा संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेची पदवी लागते. विषय कुठला, हे विचारत नाहीत. भाची उद्या कलेक्टर व्हायचे म्हणाली तर तिचा अर्ज बी.डेस. आहे म्हणून कुणी परत पाठवणार नाही. (ती तसे म्हणणार नाही, ते सोडा.) एखाद्या पदाला अमुकच विषयाचा पदवीधर हवा असेल, तर ती अट बी.कॉम.वाल्यालाही आडवी येते, त्यात फॅशनचा काय गुन्हा? आणि बी.डेस. हे नाव ऐकून ज्यांना हसू येते त्यांच्या माहितीसाठी, हीच पदवी आयआयटी मुंबईसुद्धा देते. तिथे विषय फॅशन नाही, पण पदवी तीच. आयआयटीचे नाव निघाले की हसणारे गप्प होतात, हा माझा अनुभव.

आता शिवणक्लास. इथे मला खरा राग येतो, आणि तो दोन्ही बाजूंनी येतो, कारण या वाक्यात शिवणाऱ्या बायकांचाही अपमान आहे आणि शिकणाऱ्या पोरींचाही. माझ्याकडच्या मशीनवरच्या उत्तम कारागीर गावच्या क्लासातूनच आल्यात. त्यांच्या हाताची शिलाई कुठल्याही पदवीधराला जमणार नाही. पण त्यांचे काम कुठे सुरू होते? कापड कापून समोर आले की. त्याच्या आधीचे काय?

शिंपी समोर उभ्या असलेल्या एका माणसाचे माप घेतो आणि कापतो. हॉटेलची ऑर्डर येते तेव्हा समोर कुणीच नसते. एका मापाचा पॅटर्न करायचा आणि त्यावरून लहान-मोठी सगळी मापे काढायची, याला ग्रेडिंग म्हणतात. सगळीकडे सारखे इंच वाढवत गेलात तर छाती बसेल आणि खांदे दंडावर उतरतील, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याचे खांदे त्याच हिशेबाने रुंद होत नाहीत. कुठे किती वाढवायचे हे शिकावे लागते. कापड उभ्या धाग्याला धरून कापले नाही तर पँटचा पाय दोन धुण्यांत पिळा खातो. सुती कापड आधी धुऊन आटवून बघितले नाही तर महिन्याभरात शर्ट वर सरकतो. शेफच्या कोटाला पॉलिएस्टर स्वस्त पडते म्हणून वापरले, आणि भट्टीजवळ पेटले, तर ते वितळून कातडीला चिकटते. सुती जळते ते कागदासारखे, राख होते. धागा जाळून कापड ओळखायची ही परीक्षा टेक्सटाइलच्या अगदी पहिल्या धड्यांतली. क्लासात ब्लाउजचा कटोरी कट शिकवतात, हे नाही शिकवत. तो त्यांचा दोष नाही, ते त्यांचे कामच नाही.

एक उदाहरण सांगते. हाउसकीपिंगच्या बायकांची एक तक्रार कायमची असायची. पलंगाची चादर घालताना हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो. आमच्या मास्तरांनी आयुष्यभर एकच उपाय केला, मुंढा (बाही जोडतात ते भोक) मोठा करायचा, सैल सोडायचा. दर वेळी तक्रार वाढली. इंटर्नशिपला आलेल्या एका पदवीच्या मुलीने उलटे केले. मुंढा वर घेतला, काखेच्या जवळ आणला, आणि बाहीचा आकार बदलला. मास्तर म्हणाले, आता हातच वर होणार नाही. झाला. कुर्ता जागचा हलला नाही. कारण मुंढा जितका खाली, तितका हात उचलताना तो अंगाचे कापड ओढतो. हे तिला कुठल्या दैवी प्रतिभेने सुचले नव्हते, पॅटर्न मेकिंगच्या तासाला शिकवले होते.

आणि मापांचेच काढलेत तर आणखी एक. बाजारातल्या तयार कपड्यांवर एम, एल लिहिलेले असते ती मापे बहुतेक अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या तक्त्यांवरून उचललेली. म्हणून आपल्या अंगाला ते कपडे एकीकडे बसतात, दुसरीकडे लोंबतात. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून इंडियासाईज नावाचे सर्वेक्षण हाती घेतले गेले, सहा शहरांत सुमारे २५,००० माणसांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची असे ठरले. ते कुणी हाती घेतले? निफ्टने. सहा महिन्यांच्या शिवणकामाला एवढा खटाटोप कशाला लागला असता?

वेंडेलचा मुद्दा वाचून मात्र मी हसले. तो कॅटरिंग शिकला होता, मस्कतला नोकरी करत होता, हे अगदी बरोबर. पुढची ओळ मेसेजवाल्याने खाल्ली. ती चांगली नोकरी सोडून, साठवलेला पैसा खर्चून, तो लॉस एंजेलिसला आणि पॅरिसला फॅशन शिकायला गेला. म्हणजे ज्याचे उदाहरण ‘शिकायची गरज नाही’ म्हणून दिले, त्याने शिकण्यासाठी खिसा रिकामा केला होता. शिकून परत आला म्हणून कुणबी साडीकडे बघताना त्याला लाल चौकटींपलीकडचे दिसले: ती कुणी विणली, विणकर कुठे गेले, खांद्यावरच्या गाठीची ती नेसण का आली. २०१० च्या सुमारास त्याने ती साडी पुन्हा विणून घेतली, लोकांसमोर आणली. आपण ती तोवर शिगम्याच्या आणि शाळेच्या गॅदरिंगच्या नाचापुरती बाहेर काढायचो. कोलवाळचे स्वतःचे जुने घरही त्याने गोव्याच्या वेशभूषेच्या संग्रहालयासाठी दिले.

मुलगे बिघडतात, यावर जास्त लिहीत नाही. म्हापशाच्या बाजारात मशीनवर बसलेले शिंपी पिढ्यान्पिढ्या पुरुषच आहेत, त्यांच्याकडून पँटी शिवून घेताना कुणाला भीती वाटली नाही. आणि याच मेसेजात ज्याला ‘आपला’ म्हटलेय, तो वेंडेल आपण समलिंगी आहोत हे कधी लपवत नव्हता. सरकारने २०१४ मध्ये त्याला पद्मश्री दिली. आता ठरवा, आपला म्हणायचे की बिघडलेला.

राहिले पैसे. इथे मेसेजवाल्याला अर्धे गुण द्यावे लागतात, नाइलाज आहे. निफ्ट सरकारी असली तरी स्वस्त नाही. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल धरले तर दहा लाखांच्या वर जाते. गोव्यात तिचा कॅम्पस नाही, जवळचे म्हणजे खारघर किंवा बंगळूर, म्हणजे घरचे जेवून शिकता येईल ही आशा सोडा. कर्ज काढायचे तर भावोजींनी दोनदा विचार करावा, त्यात चूक नाही. आणि बाहेर पडल्या पडल्या स्वतःच्या नावाचे लेबल कुणाला मिळत नाही. पहिली नोकरी बहुधा तिरुपूर किंवा बंगळूरच्या एक्सपोर्ट हाउसमध्ये मर्चंडायझरची, दिवसभर बटणे, भाव आणि जहाजाच्या तारखा. गोव्यात परत येऊन नोकरी शोधायची तर कपड्यांचे कारखाने हाताच्या बोटांवर. हे पोरीला आत्ताच सांगितले पाहिजे, आणि मी सांगितलेय.

पण पैसे खरोखर पाण्यात जातात ते दुसरीकडे, आणि त्याबद्दल मेसेजात अक्षर नाही. काचेचे दार, रॅम्पचे फोटो, ‘इंटरनॅशनल डिग्री’ असा बोर्ड. अशा खासगी फॅशन इन्स्टिट्यूटमध्ये कलम २२ उपयोगी पडते. विचारायचे, पदवीवर नाव कुठल्या विद्यापीठाचे? ते नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? पदवी की पदविका की नुसते सर्टिफिकेट? सर्टिफिकेट वाईट नसते, फक्त ते सर्टिफिकेटच्या भावात मिळायला हवे. कलम २२ मोडणाऱ्याला कलम २४ मध्ये दंड आहे, जास्तीत जास्त १,००० रुपये. १९५६ चा हजार. या दंडाला आज कोण घाबरणार, त्यामुळे चौकशी आपली आपणच करायची.

फॉर्मचे एवढेच. निफ्टची परीक्षा बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होते. फॉर्म त्याच्याही आधी बंद होतात. निकाल बघून ठरवू म्हणणाऱ्याचे वर्ष गेले. बी.डेस.ला शाखेची अट नाही, आर्ट्सवाल्यांनाही चालते. चित्रे फार सुंदर काढता आली पाहिजेत असेही नाही, निवडीत दिलेल्या सामानातून हाताने वस्तू करून दाखवायचीही एक परीक्षा असते. आणि फॉर्म भरला म्हणजे प्रवेश घेतलाच पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही.