निळा धूर दिसला की इंजिन खोलावेच का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

'जुना ट्रॅक्टरवाला' या नावाने लिहिणारे महोदय,

जुन्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून निळा धूर आला तरी लगेच इंजिन न खोलता आधी साध्या चाचण्या कराव्यात, असे सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : "निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, हे शेंबडे पोरही सांगेल. माझ्या ट्रॅक्टरला असाच धूर होता, मिस्त्रीने लायनर-पिस्टन टाकले, धूर बंद झाला. गाईडचे वगैरे कौतुक पेट्रोल गाड्यांना. घट्ट ऑईल टाकून हंगाम काढावा, नाहीतर सरळ इंजिन खोलावे. खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांनी शेतकऱ्याला चाचण्या शिकवू नयेत." (नव्या वाचकांसाठी : रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, ऑईल वर येऊ न देणारी कडी; लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी; हेड म्हणजे सिलिंडरवरचे झाकण; आणि गाईड म्हणजे हेडमधली, व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती बाही.)

आपले मत वेगळे आहे याचे मला वाईट वाटलेले नाही. खुर्चीचा उल्लेख मात्र मला लागला आणि तो लागला हे लपवण्याचे कारण दिसत नाही. माझे वडील एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात फिटर होते. हेडच्या नटाला पाना लावण्याआधी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीसमोर तळहात धरून पाहायचे, हे त्यांनी मला शाळकरी वयात शिकवले. पुढे बार्शी तालुक्यातील आमच्या शेतात नांगरट, ज्वारीची मळणी आणि उसाची वाहतूक मी एकाच तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर केली आणि त्याचे इंजिन स्वतःच्या हाताने उघडले आहे, बंदही केले आहे. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या बसण्याच्या जागेवरून त्याचे म्हणणे मोडीत काढणे हा युक्तिवाद नव्हे, आणि आपल्यासारख्या जाणत्या माणसाने तो करावा याचे मला आश्चर्य वाटते.

एक गोष्ट मान्य करतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या झडपेमुळे आत जितकी ओढ निर्माण होते तितकी डिझेल इंजिनात होत नाही, त्यामुळे झिजलेल्या गाईडमधून ऑईल ओढले जाण्याचे प्रमाण डिझेलमध्ये कमी असते. लेखात हा फरक अधिक ठळकपणे यायला हवा होता. परंतु कमी असणे म्हणजे नसणे नव्हे. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिला, सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट आला आणि काही वेळात निवळला, तर हेडमधून गाईडवाटे खाली झिरपलेल्या ऑईलचा संशय आधी घ्यावा लागतो. पेट्रोल असो वा डिझेल, झिजलेल्या गाईडमधून ऑईल खालीच उतरते.

आता "लायनर-पिस्टन टाकले, धूर बंद झाला" या आपल्या वाक्याकडे येतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. इंजिन खोलल्यावर मिस्त्री केवळ लायनर-पिस्टन बदलून थांबत नाही. हेड उतरते, व्हॉल्व्ह ग्राइंड होतात, बहुतेक वेळा गाईडही नवे बसतात. चेंबरमधले, म्हणजे इंजिनच्या तळाशी साठणारे जुने ऑईल जाऊन खुणेपर्यंत नवे भरले जाते, एअर क्लीनरची वाटी धुतली जाते, डिझेल फवारणारे नोझल तपासणीला जातात. निळा धूर ज्या ज्या वाटांनी येऊ शकतो त्या सर्व एकाच दुरुस्तीत बंद केल्यावर तो थांबला, तर आधी त्यातली नेमकी कोणती वाट उघडी होती हे कोणालाच सांगता येणार नाही, आपल्या मिस्त्रीलाही नाही.

निळा धूर एवढेच सांगतो की सिलिंडरमध्ये ऑईल जळत आहे. ते खालून, रिंगांच्या बाजूने वर आले असेल, तर धूर लोडवर वाढतो, म्हणजे नांगर जमिनीत गेला किंवा भरलेली ट्रॉली चढाला लागली की तो दाट होतो. त्याच वेळी ब्रीदरमधूनही धुराचे झोत येतात आणि ऑईल भरण्याचे झाकण काढले तर तिथेही ठोके जाणवतात. ब्रीदर शांत असेल तर रिंगांना दोषी ठरवण्याची घाई का करावी?

ऑईल हवेच्या वाटेनेही येते. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरांना हवा ऑईलमधून गाळणारा ऑईल बाथ एअर क्लीनर असतो आणि त्याच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑईल भरले की ते हवेबरोबर सरळ इंजिनात खेचले जाते. क्लीनर आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) यांच्यामधला पाइप काढून आत बोट फिरवले आणि ते ऑईलने ओले निघाले, की उत्तर मिळाले. हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही, कारण असे ऑईल पुरेसे गेले तर इंजिन त्याच्यावरच पळू लागते आणि स्टॉपचा दांडा ओढूनही थांबत नाही. चेंबरमधील पातळीचेही तसेच आहे. ज्या इंजिनांवर टाकीतले डिझेल पुढे ढकलणारा डायफ्रॅमचा (लवचिक पडद्याचा) फीड पंप असतो, तिथे तो डायफ्रॅम फाटला तर डिझेल चेंबरमध्ये उतरते, ऑईल पातळ होते आणि पातळी वाढते. डीपस्टिकला डिझेलचा वास आला आणि ऑईल न भरता खूण ओलांडलेली दिसली, तर नवे लायनर-पिस्टन टाकून काय साधणार?

रिंगा खरोखर गेल्या असतील तरी शोध तिथे संपत नाही. क्लीनरच्या पुढच्या रबरी पाइपला चीर असेल किंवा क्लिप ढिली असेल, तर मळणीची आणि रोटाव्हेटरची धूळ न गाळता आत जाते आणि लायनरचा वरचा भाग व रिंगा खाते. ती चीर तशीच ठेवून टाकलेल्या नव्या रिंगा जुन्यांच्याच वाटेने जातात. मग मिस्त्रीला दोष दिला जातो, मालाला दोष दिला जातो, आणि पाइपकडे कोणी पाहत नाही. हे मी आजूबाजूच्या शेतांत पाहिले आहे, म्हणूनच आपला 'सरळ इंजिन खोला' हा सल्ला मला नुसता अपुरा नव्हे, तर शेतकऱ्याच्या खिशाला घातक वाटतो.

घट्ट ऑईलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्याने धूर काही काळ झाकला जाईल, पण धुराचे मूळ कारण तसेच राहील.

राहिला चाचण्यांचा प्रश्न. डीपस्टिक, ब्रीदर आणि पाइप पाहायला एक रुपया लागत नाही. कॉम्प्रेशन गेज मात्र गॅरेजमधूनच आणावे लागेल. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब घ्यावा, आणि जो कमी भरेल त्यात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांकडे, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. ऑईल चमचाभरच का, हेही मी लेखात लिहिले होते आणि आपण ते वाचलेले दिसत नाही : ८३० घन सेंटीमीटरच्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गुणोत्तर १७:१ धरले, तर पिस्टन वर आल्यावर जेमतेम ५० घन सेंटीमीटर जागा उरते. ऑईल हवेसारखे दाबले जात नाही, म्हणून तिथे वाटीभर ऑईल ओतून स्टार्टर मारणाऱ्याचा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आपल्या ट्रॅक्टरचा धूर सकाळी येत होता की लोडवर, ब्रीदर फुंकत होता का, इंजिन खोलण्यापूर्वी ऑईलची पातळी कुठे होती आणि एअर क्लीनरचा पाइप आतून कसा होता, यांपैकी एकही गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत नाही. ती लिहा, मी प्रत्येक मुद्द्याला उत्तर देईन. नुसत्या 'धूर बंद झाला' या आधारावर लेखातील एकही ओळ मी बदलणार नाही.