बी३ ची गोळी आणि हळदीचं पाणी: तो मेसेज पुढे पाठवू नका

दोन दिवस फोंड्याच्या आमच्या ग्रुपवर फिरतंय की ग्लासभर पाण्यात व्हिटॅमिन बी३ ची एक गोळी टाकली की हळद पूर्ण विरघळते आणि सगळी अंगाला लागते. मी औषधं बनवण्याच्या कामात आहे म्हणून लिहितोय, कोणाला नावं ठेवायची नाहीत, कारण मेसेजचा अर्धा भाग खरा आहे.

बी३ चं एक रूप असलेलं नायसिनामाइड हे खरंच हायड्रोट्रोप आहे, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या पदार्थाच्या कणांभोवती जमून त्यांना पाण्यात धरून ठेवणारं. हे नाव न्यूबर्ग या शास्त्रज्ञाने १९१६ ला दिलं. पण साबणासारखं थोड्या प्रमाणात काम होत नाही, हायड्रोट्रोप भरपूर लागतं. लिटरला अर्धा मोल (म्हणजे साधारण ६१ ग्रॅम नायसिनामाइड) धरला तरी २०० मिलीच्या ग्लासात १२ ग्रॅम, म्हणजे ५०० मिग्रॅच्या २४ गोळ्या! युरोपात मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा ९०० मिग्रॅ धरतात, त्यामुळे गोळ्या वाढवून बघू असं कृपा करून कोणी करू नका, लिव्हरला त्रास होऊ शकतो.

आणि एवढं करूनही पोटात पातळ झालं की विरघळलेलं परत बाहेर पडू शकतं. हळदीतला स्टार्च नि चोथा तर विरघळणारच नाही, ग्लास तसाच ठेवा, तळाशी साका दिसेल (पिवळा रंग बघून फसायला होतं).

तेव्हा तो मेसेज डिलीट करा, ज्यांना पाठवला त्यांना हा पाठवा. कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) तेला-तुपात जास्त विरघळतं, आणि हळद तुम्ही रोज आमटीत घालताच की.