फार्महाउसवर पिझ्झाची भट्टी बांधणाऱ्यांस काही सूचना

पन्हाळ्याच्या बाजूला प्लॉट घेतलात, लॉन लावलंत, आता लाकडावरच्या पिझ्झाची भट्टी हवीच. अभिनंदन. पहिली सूचना अशी की, ज्याचा आगीशी रोजचा संबंध आहे अशा कुणालाही काहीही विचारू नका. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत लोखंड वितळतं, मग ते ज्यात वितळतं ते का वितळत नाही, असले प्रश्न मनात आणू नका. त्या फाउंड्र्यांना माल पुरवणाऱ्याकडे ‘आयएस ८’ (जाळ सोसणाऱ्या विटेचं, म्हणजे फायर ब्रिकचं, भारतीय मानक) एवढं म्हटलं तरी त्याला कुठली वीट ते कळतं. पण तिथं गाडी लावायला सावली नसते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालणाऱ्या मामांना विचारणं तर फारच कमीपणाचं.

त्यापेक्षा मोबाइल काढा आणि इटलीहून येणाऱ्या विटेचा भाव मागवा. आपली फायर ब्रिक १,२०० अंशांना दाद देत नाही आणि तुमचा पिझ्झा ४५० अंशांच्या आतबाहेर भाजतो, हे हिशेब कंजूष लोकांचे. नीट भाजलेल्या साध्या लाल विटेवरही घरगुती भट्टी चांगली चालते, हे तर कुणाला कळूच देऊ नका. सांगण्यासारखं काय उरलं मग?

हातात घेऊन बघायचीच असेल, तर पांढरी, हलकी, सच्छिद्र वीट पसंत करा. ती उष्णता अडवण्यासाठी घुमटाच्या बाहेरून किंवा तळाच्या खाली बसवायची असते, म्हणून तुम्ही ती थेट जाळावर, पिझ्झाखाली लावा. फावडं फिरलं की तिचा भुगा निघेल; मैदा समजून खा. चार किलोची पिवळट, ठोकळ्यासारखी खरी वीट फोटोत शोभत नाही.

भंगारातही जरूर चक्कर मारा. सिमेंटच्या किंवा धातूच्या जुन्या भट्टीतून निघालेली, काळपट, वर काचेसारखं काही चिकटलेली वीट दिसली की ताबडतोब उचला. अशा काही विटांत क्रोमियम असतं, आणि त्याचा एक प्रकार चांगलाच विषारी. ओरेगॅनोचा खर्च वाचला.

आता विटा जोडायचा मसाला. फायरक्ले, म्हणजे जाळ सोसणारी माती, मागाल तर गवंडी तुमच्याकडे बघून हसेल, म्हणून मागू नका. ‘साहेब, ५३ ग्रेडच्या सिमेंटवर पूल उभे राहतात,’ असं तो म्हणतो, आणि पुलाखाली कुणी जाळ करत नाही, हे त्याला सांगायचं तुमच्या जिवावर येतं. चारशे-पाचशे अंशांच्या दरम्यान सिमेंटमधला चुना पाणी सोडतो. पुढं पन्हाळ्याचा पाऊस लागला की तोच ओल पिऊन फुगतो आणि सांधा भुगा होऊन खाली येतो. फायरक्लेचा सांधा दोन-तीन मिलिमीटरचा, पातळ कालवून वीट ठोकून बसवायचा. तुम्ही मात्र बोटभर जाड ठेवा, रेघा उठून दिसतात.

पहिला जाळ त्याच शनिवारी, पाहुण्यांसमोर, भरपूर लाकडं घालून करा. आठवडाभर रोज थोडाथोडा जाळ करून ओल काढायला तुम्ही काय कुंभार आहात? आतल्या पाण्याची वाफ होईल आणि घुमट बंदुकीसारखा वाजेल. कुणी तड्याकडे बोट दाखवलंच, तर शांतपणे सांगा, ‘एक्स्पान्शन जॉइंट आहे तो, तापल्यावर विटांना फुगायला जागा. मुद्दाम ठेवलाय.’