‘४ जीबी’चं कार्ड म्हणजे वेगवान कार्ड नव्हे

‘ऑनबोर्ड ग्राफिक्सपेक्षा ४ जीबी मेमरीचं कुठलंही ग्राफिक्स कार्ड चांगलंच’ हा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी विद्यार्थ्यांचे पैसे वाया जातात.

४ जीबीतही मिळणारं एनव्हिडियाचं जीटी ७३० हे कार्ड २०१४ चं. त्याच्या ६४-बिट डीडीआर३ (जुन्या, संथ मेमरीच्या) आवृत्तीची मेमरी सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी डेटा पुरवते. उलट एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये अंगचे (म्हणजेच ऑनबोर्ड) व्हेगा ग्राफिक्स असतात आणि डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन काड्या लावल्या की त्यांच्या वाट्याला सेकंदाला ५१.२ जीबीपर्यंतचा वेग येतो (तो प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावा लागतो, हे खरं). मेमरी कितीही मोठी असो, टाकीला बारीक नळ असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. शिवाय या ‘केप्लर’ पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. म्हणजे ५६००जी वाल्याने हे कार्ड घेतलं तर गेम आधीपेक्षा हळू चालतील.

रॅमची एकच काडी असेल, तर आधी तशीच दुसरी घ्या. फरक लगेच दिसतो.

कार्डच हवं असेल तर जीटीएक्स १६५० किंवा आरएक्स ६४०० पासून पुढे बघा. ६४०० ला वेगळी पॉवर केबल लागत नाही, पण ते पीसीआयई च्या (कार्ड आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन वापरतं. ५६००जी वर पीसीआयई ची जुनी, संथ ३.० आवृत्तीच मिळते, तिथे ते मागे पडतं. ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडरही (व्हिडिओ रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करायला लागणारा भाग) नाही, त्यामुळे स्ट्रीमिंग करणाऱ्यांनी १६५० च घ्यावं.