म्हणे, एनआयव्ही करते काय?

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी एका काकांनी एनआयव्हीबद्दल, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेबद्दल, लिहिलं, "पुण्यातली ती एनआयव्ही एवढी वर्षं सरकारचा पैसा खाते, करते काय? रिपोर्ट येईपर्यंत पेशंट एक तर बरा होतो, नाही तर वर जातो." खाली अंगठ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप भरला. एका खासगी हॉस्पिटलात पट्टीवर थेंब टाकून डेंग्यू ठरवून टाकला. लगेच ॲडमिट, सलाईन, सकाळ-संध्याकाळ प्लेटलेट्सचा जप. आणि आई म्हणतेय, बोटंच वळत नाहीत गं. शेवटी भावाने रक्त सरकारी लॅबला एलायझा या जास्त खात्रीच्या तपासणीसाठी दिलं. डेंग्यू निगेटिव्ह, चिकुनगुनिया पॉझिटिव्ह! ही तपासणी ज्या किटवर होते ना काका, ते किट एनआयव्हीच बनवते आणि देशभरातल्या सरकारी लॅबना पुरवते.

चिकुनगुनिया नाशिककरांनी विसरावा? २००६ साली आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, केवढी साथ होती! साठच्या दशकात देशात आलेला विषाणू आशियाई जातकुळीचा होता, हा आफ्रिकी आहे, हे याच लोकांनी नमुने तपासून सांगितलं. ही संस्था १९५२ पासूनची. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, तेव्हा यांची माणसं तिथे गोचिड्या गोळा करत हिंडली आणि क्यासनूरचा, म्हणजे माकडतापाचा, विषाणू शोधून आली. कोण जाईल हो? आपण पाल दिसली तरी वॉचमनला हाक मारतो.

आणि कोविडमध्ये? मार्च २०२० मध्ये इथले घशाचे नमुने पुण्यालाच जात होते. तेव्हा हेच काका "पुण्याचा रिपोर्ट आला का" म्हणून ग्रुपवर जीव खात होते.

रिपोर्टला उशीर होतो, मान्य. आईचाही आला तेव्हा ती घरी येऊन मऊभात खात होती. औषधं फारशी बदलली नाहीत, तेही मान्य. पण सांधे काही महिने धरून राहतील हे कळलं, आणि संधिवात झाला म्हणून दहा डॉक्टरांचे उंबरठे झिजवणं वाचलं. तिला नंतर कितीतरी दिवस लाटणं धरवत नव्हतं. पोळ्या मी करायचे. ती शेजारी बसून "कडा जाड राहिल्या" म्हणायची. म्हटलं, बोल बाई, बोल.

फिरती बीएसएल-३ प्रयोगशाळा, म्हणजे घातक विषाणू सुरक्षितपणे हाताळायची, देशातली पहिली, फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या नाशकात सुरू झाली. एनआयव्ही ज्या आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, तिचीच ती. तेव्हा हाच ग्रुप "नाशिकची मान उंचावली" म्हणत फोटो फिरवत होता.

खरा राग वेगळाच आहे. पुण्यात बसून कोणी आपल्या कुंडीखालची ताटली ओतून देणार नाही. त्यासाठी मनपाच्या ताई येतात. फ्रिजमागचा ट्रे ओढून बघतात, ड्रममध्ये बॅटरी मारतात, अळ्या दिसल्या तर तिथेच पाणी ओततात. त्यांना आमच्या बी विंगमध्ये "नंतर या" म्हणून परत लावलं. भर उन्हात, चौथ्या मजल्यावरून, लिफ्ट बंद असताना. सांगणारे कोण, ते ग्रुपवाल्यांना माहीत आहे.

मंगळवारी त्या पुन्हा येणार आहेत. दारं उघडा, पाणी विचारा. आणि गच्चीवरचे ते दोन टायर ज्यांचे असतील त्यांनी त्याआधी हलवा, नाही तर मी भंगारवाल्याला देऊन टाकणार आहे.