रिकार्डोने ग्लोव्हज काढले, त्याला नाटक म्हणू नका

२४ जून २००४. लिस्बनचा सामना आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झालेला. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी, पोर्तुगाल विरुद्ध इंग्लंड, २-२ वरून पेनल्टी शूटआउट. घरातले सगळे झोपलेले आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून अगदी पडद्याला नाक लावून बसलेलो. इंग्लंडचा डॅरियस वॅसेल पेनल्टी मारायला आला आणि पोर्तुगालचा गोलकीपर रिकार्डो पेरेराने दोन्ही ग्लोव्हज काढून टाकले. उघड्या हातांनी बॉल अडवला. लगेच पुढची पेनल्टी स्वतः मारली, जमिनीलगत, कोपऱ्यात. संपलं!

याला 'नाटक' म्हणणारे आजही भेटतात आणि मला खरंच राग येतो. त्याआधीच्या इंग्लंडच्या सहा पेनल्टी आठवा. बेकहॅमची बारवरून गेली, बाकी पाचही आत. रिकार्डोने तोवर एकही अडवली नव्हती. त्यात डोक्यावर पोर्तुगालचाच दुसरा गोलकीपर व्हितोर बाइयाचं ओझं. बाइयाने महिन्याभरापूर्वीच पोर्तो क्लबकडून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकलेली, तरी प्रशिक्षक स्कोलारींनी त्याला संघातसुद्धा घेतलं नव्हतं. रिकार्डोने खाल्लेल्या प्रत्येक गोलनंतर अख्ख्या देशाला बाइया आठवणार, हे ठरलेलंच. अशा वेळी माणूस काहीतरी करून पाहतो. हातात जे होतं, ते त्याने काढलं.

दहा दिवसांनी, लिस्बनच्या त्याच लुझ स्टेडियमवर, अंतिम सामना ग्रीसशी. ५७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, रिकार्डो पुढे धावला, बॉलपर्यंत पोचलाच नाही आणि कारिस्तेआसने हेडर मारला. ०-१. चूक त्याचीच होती, मी त्याचा कितीही चाहता असलो तरी. पण पोर्तुगालच्या बोआव्हिस्ता क्लबला २००१ मध्ये त्यांच्या इतिहासातलं एकमेव लीग विजेतेपद मिळालं तेव्हा गोलमध्ये हाच होता, हे त्या एका कॉर्नरपायी लोक विसरले.

मग २००६ चा वर्ल्ड कप. पुन्हा इंग्लंड, पुन्हा शूटआउट, या वेळी ग्लोव्हज हातातच. लॅम्पार्ड अडवला, जेरार्ड अडवला. कॅराघरने शिट्टीआधीच मारून गोल केला, पंचांनी पुन्हा मारायला लावली, ती रिकार्डोने बारवर ढकलली. वर्ल्ड कपच्या एका शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवणारा तो पहिला गोलकीपर. आणि मैदान कुठलं? गेल्सनकिर्शन. बाइयाने २००४ ची चॅम्पियन्स लीग जिंकली होती, तेच.