1 तास 25 मिनिटं

सासरी नागपूरला जायचं ठरलं की आमच्या घरात गणितं सुरू होतात. ट्रॅव्हल्सनं गेलं तर अख्खी रात्र जाते. गाडी काढली तर सातशेवर किलोमीटर. या वेळी बायकोनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला: पुणे ते नागपूर, हवाई अंतर सुमारे 605 किलोमीटर, वेळ 1 तास 25 मिनिटं. "बसलं की उठायचं," ती म्हणाली.

हे अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंतचं. आम्ही लोहगावच्या धावपट्टीवर राहत नाही, धायरीत राहतो.

विमान 1:40 चं, म्हणून घर सोडलं दहाला. सिंहगड रस्ता, स्वारगेट, येरवडा असं घरंगळत वीस-बावीस किलोमीटर गेलो, त्याला 1 तास 40 मिनिटं लागली. म्हणजे तिकिटावरचं नागपूर येऊन वर पंधरा मिनिटं झाली होती आणि आम्ही अजून पुण्यातच!

सामान मुद्दाम हातातच घेतलं होतं, पट्ट्यापाशी ताटकळायला नको म्हणून. पण यंत्रानं माझी बॅग बाजूला काढली. जवानानं आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली, हातावर तोलली.

"ये क्या है?"

"बत्ता."

त्याचा चेहरा कोरा.

"मसाला कूटने का. पितल का. सासूबाई का." शेवटचे दोन शब्द टाळायला हवे होते.

सासूबाईंनी तुळशीबागेतून मागवलेला तो बत्ता केबिनमध्ये चालणार नव्हता. परत काउंटरवर जाऊन बॅग चेक-इन केली.

1:38 ला विमान हललं आणि लगेच थांबलं. लोहगावची धावपट्टी हवाईदलाची. आधी सुखोई, मग आपण. दोनला उडालो आणि 2:52 ला नागपुरात चाकं टेकली. धायरी ते लोहगावच्या निम्म्या वेळात सह्याद्री ते संत्री! वर घोषणा, की आपण आठ मिनिटं आधी पोहोचलो आहोत. तिकिटावरचा वेळ जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो, आणि रांगेची, घिरट्यांची मिनिटं कंपन्या त्यात आधीच धरून ठेवतात. लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त वीस मिनिटं अलीकडचा छापतात, त्यातलाच प्रकार.

पट्ट्यावर बत्ता यायला चाळीस मिनिटं लागली. मेहुणा जेवून पडला होता, तो आला सव्वाचारला. मग "भाऊजी, उन्हाचं आलात, रस तर घ्या" म्हणून संत्र्याचा रस. घरी टेकलो तेव्हा पाच वाजले होते.

मामाजी रेल्वेतून निवृत्त. त्यांनी कागद घेतला. 605 भागिले 7.

"ताशी 86," ते म्हणाले. "जवाईबापू, समृद्धीवर कारला 120 ची परवानगी आहे."

"पण समृद्धी पुण्याहून नाही ना जात," मी म्हणालो. फार लंगडं वाटलं.

सासूबाईंनी तेवढ्यात बत्ता सोडवून खलात घालून पाहिला. बराच वेळ फिरवला.

"थोडा मोठाच पडला," त्या म्हणाल्या. "जाताना घेऊन जाता का? बदलून मिळेल ना?"